नारळ कुणी फोडला?

ग्रहण लागलं होतं तिकडे युरोप-अमेरिकेत आणि कोंडून ठेवलं मला, इकडे शिरढोणला.

पाडव्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट, शनिवारची. मला सातवा महिना. पंचांगात स्वच्छ छापलेलं होतं की हे सूर्यग्रहण भारतातून दिसणार नाही, वेधबिध काही पाळायचं कारण नाही. मी ते पान सासूबाईंच्या नाकासमोर धरलं. सासूबाई म्हणजे कृष्णाबाई. शाळा चौथीपर्यंत, पण वकिली रक्तातच. त्यांनी चष्मा लावून पान वाचलं, घडी घालून परत दिलं आणि विचारलं, "सूर्य एकच हाय ना? का अमेरिकेवाल्यांचा येगला हाय?"

कप्पाळ!

त्यांच्या मोबाईलवर सकाळीच मेसेज आला होता, लाल अक्षरांत. दोन वीसला लागणार, सव्वासहाला सुटणार. गरोदर बाईने घराबाहेर पडू नये, कापू नये, शिवू नये, झोपू नये, खाऊ नये, पाणी पिऊ नये, अंग खाजवू नये. खाली हात जोडलेली सतरा चित्रं. हा मेसेज त्यांना माझ्याच चुलत नणंदेने पाठवलेला, जिला स्वतःला दोन पोरं होईपर्यंत ग्रहण कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं.

पण आधी माझी कटकट ऐका, म्हणजे पुढचं कळेल. दिवस राहिल्यापासून जो भेटेल तो मला एकच सांगतो, खूश राहा. मावशीबाई, भाजीवाली, बँकेतला शिपाई, ओळख ना पाळख असलेली लग्नातली माणसं, सगळे. खूश राहा, बाळ सगळं ऐकतंय. प्रितेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, बेडरूमच्या भिंतीवर दोन गुबगुबीत, निळ्या डोळ्यांच्या बाळांचं पोस्टर लावलंय. आमच्या दोघांच्या सात पिढ्यांत निळे डोळे कुणाचे नाहीत. आमच्याकडे निळी फक्त ताडपत्री. तर रोज उठून त्या परक्या पोरांकडे बघून मी हसायचं, म्हणे आपलं बाळ तसं होतं. शिवाय गर्भसंस्काराचं ॲप. त्यातली बाई मधाळ आवाजात सांगते, आता तुमच्या मनात आनंदाची लाट उसळत आहे. अगं बाई, नाही उसळत! काही म्हणजे काही उसळत नाही!

हे सांगणार कुणाला? बरं, मूल नको असताना राहिलंय असंही नाही. आम्ही ठरवलं आणि दिवस राहिले. नवरा बरा, घर बरं, रिपोर्ट सगळे बरे. मी एका शिपिंगवाल्याकडे कस्टम्सचे कागद करते, तेही त्यांनी घरून करायला दिलेत. तरी पाचव्या महिन्यापासून मला नुसतं रडू यायचं. बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे, आणि टाकी रिकामी झाली की सासूबाई जिन्यातून ओरडायच्या. बाळ हललं की ऊर भरून येतो म्हणतात. मला धडकी भरायची. हे बाहेर येणार, सगळे पेढे वाटणार, आणि मला ते आवडलंच नाही तर? मग कुठे जायचं तोंड घेऊन?

एकदा प्रितेशला म्हटलं, मला बरं नाही वाटत, मनातून. तो म्हणाला, "का गं? काही कारण तर असेल?"

मी खूप विचार केला. देवाशपथ, कारण सापडेना.

"मग झालं तर," असं म्हणून तो मला फालुदा खायला पनवेलला घेऊन गेला. माणूस वाईट नाही हो, पण त्याच्याकडे सगळ्यावर औषध एकच, फालुदा. खांदा कॉलनीत आईला फोन केला, तर ती म्हणाली, "सगळं असून रडतेस? लोकांना होत नाहीत गं पोरं." मी फोन ठेवला आणि नळ सोडला.

माझं नाव घातलंय ते खांदा कॉलनीतच, वसुंधरा डॉक्टरांकडे. गेल्या खेपेला त्यांनी वजन केलं, बीपी बघितला आणि एक कागद दिला. दहा प्रश्न. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, उगाच भीती वाटली का, झोप लागली का, असले. समोर चार-चार चौकोन, एकावर खूण करायची. मी परीक्षेतल्यासारख्या भराभर खुणा केल्या. शेवटचा प्रश्न होता, आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटलं का. तिथे 'कधीच नाही' असा चौकोन होता. मी 'कधी कधी'वर खूण केली. करून घाबरले, खोडायला पेन परत उचललं, तेवढ्यात डॉक्टरांनी कागद ओढून घेतला.

त्यांनी मला अर्धा तास समोर बसवून खोदून खोदून विचारलं. बाहेर रांग खोळंबली. स्वतःचा नंबर दिला, कधीही फोन कर म्हणाल्या. मग म्हणाल्या, "शनिवारी चार वाजता मिताली मॅडमकडे यायचं. त्या समुपदेशनाला महिन्यातून दोनच शनिवार येतात. ही वेळ चुकवू नकोस, प्रांजल. घरी मी बोलू का?"

"नको," मी म्हटलं, "मी सांगते."

आणि घरी येऊन काय सांगितलं? शनिवारी रुटीन चेकअप आहे. शहाणीच मी! खरं सांगितलं असतं तर सासूबाई म्हणाल्या असत्या वेडी झाली, आणि प्रितेशने विचारलं असतं, कारण काय. पण तो शनिवार मी दिवस मोजून धरून ठेवला होता. रोज सकाळी डोळे उघडले की म्हणायचे, चार दिवस, तीन दिवस, मग कुणीतरी ऐकेल. एवढ्यावर मी उभी होते. आणि नेमक्या त्या शनिवारी, नेमक्या चारच्या वेळेवर त्या अमेरिकेच्या सूर्याने यावं!

दीडला मी प्रितेशला फोन केला. तो उरणच्या बाजूला कंटेनर यार्डात असतो, मागे ट्रेलरचे भोंगे.

"आईला समजाव. मला चारला दवाखान्यात जायचंय."

"अगं, चार तास तर आहेत. एसी लाव, मस्त झोप काढ."

"झोपायचंच नाहीये त्यात!"

"मग बस. चेकअप काय, सोमवारी करू. आईचं मन राख ना, तिचं तुला माहितीये."

तिचं म्हणजे नारळाचं. तेही सांगते. प्रितेशची मोठी बहीण वेणूताई, उरणला दिलेली. ती जन्मली तेव्हा वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला. मुंबईला नेऊन शिवून घेतला, आता बारीक रेघ तेवढी दिसते. सासूबाईंना तिच्या वेळी चौथा लागला होता आणि नारळी पुनवेला चंद्रग्रहण आलं. हिने ग्रहणात नारळ फोडला, नारळीभातासाठी, म्हणून पोरीचा ओठ फुटला. हा निकाल माझ्या आजेसासूने, हौसाबाईने, बाळंतिणीच्या खाटेशी उभं राहून दिला. हौसाबाई जाऊनसुद्धा वीस वर्षं झाली, निकाल अजून चालू आहे. वेणूताई स्वतः लग्नाकार्यात हसून सांगते, आईने नारळ फोडला आणि माझं थोबाड. सगळे हसतात. सासूबाई उठून आत जातात. तेव्हापासून, चौतीस वर्षं, त्या बाईने नारळाला हात लावलेला नाही. आगरी घर, नारळाशिवाय कालवण होत नाही, आणि ही रोज शेजारच्या हरेशभाऊला हाक मारणार, "हरेश, येवरा नारल फोडून दे रे." हरेशभाऊ रिक्षावाला, पन्नाशीचा माणूस. तोही बिचारा रिक्षा थांबवून नारळ फोडतो आणि मग भाड्याला जातो.

तर दोन वाजता मला आमच्याच बेडरूममध्ये घातलं. खिडक्यांना चादरी, त्यांना कपड्यांचे चिमटे. मार्च संपत आलेला, अंगाची नुसती लाही. एसीतून बाहेरची हवा येते म्हणून एसी बंद. मोबाईलमधून किरणं येतात म्हणून मोबाईल सासूबाईंच्या कमरेला. पाण्याच्या तांब्यात तुळशीचं पान घातलेलं, म्हणजे पाणी शुद्ध राहतं. आणि प्यायचं मात्र नाही. मग शुद्ध ठेवून करायचं काय, त्याला ओवाळायचं? मी खुर्चीत, पाय सरळ, वाकवायचे नाहीत. त्यांनी पदरात गुंडाळून एक सोललेला नारळ आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. नारळाला बोट लागू दिलं नाही.

"धरून बस. जो काय दोष येल तो ह्याच्यात जायल."

आणि स्वतः दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. त्यांनीही दोन वाजल्यापासून पाणी सोडलेलं. शुगरच्या गोळ्या खाणारी बाई, मला राग यावा का दया तेच कळेना. म्हणून रागच आला, तो सवयीचा होता.

तीन वाजता मला लघवीला लागली.

"आई, मला जायचंय."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? बाथरूमला!"

"गिरानात जात नाय."

"सातव्या महिन्यात? सव्वासहापर्यंत?"

"आमी बसलेलो."

"तुम्ही बसला असाल, तुमचं कौतुक. मी नाही बसणार. आणि तिथून मला दवाखान्यात जायचंय."

"सोमवारी जा. दवाखाना काय पलून जातंय?"

मी उठले. नारळ मांडीवरून घरंगळला, फरशीवर आपटून पलंगाखाली गेला. सासूबाई दचकून उभ्या राहिल्या. त्यांनी कडी लावली आणि दाराला पाठ लावली. पाच फुटांची बाई, दार अडवून माझ्यासमोर उभी.

"आज नाय. पायजे तर मार मना, पन आज नाय."

"आई, सरका!"

"नाय सरकत."

"मला डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय, त्या ओठाचा ग्रहणाशी काडीचा संबंध नसतो!"

"डाक्टरनीला काय जातंय बोलाला?"

आणि मग माझ्या तोंडून ते गेलं. त्या घरात जे सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांच्या तोंडावर कुणी म्हणत नव्हतं, ते मी म्हटलं.

"नारळ फोडलात तुम्ही, आणि शिक्षा मी का भोगू?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मी कुणी दुसरीच आहे. जीभ आवरत नाही मला, लहानपणापासून आई हेच सांगत आलीय. वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांचा हात नुसता ओठावर गेला, स्वतःच्या.

मलाच रडू फुटलं. नळाशिवाय, चांगलं मोठ्याने. आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "रडू नको गो, बालाला..."

"बालाला, बालाला, बालाला!" मी किंचाळले. "बाळाला ऐकू येतं, बाळाला लागतं, बाळाला कळतं! मला काय होतं ते विचारलंय का कुणी? मला नाही आनंद होत! दोन महिने झाले, मला काहीच होत नाही! मला भीती वाटते की हे जन्मेल आणि मला ह्याची माया येणारच नाही. मी नसते तर बरं, असं वाटतं मला. कधी कधी. डॉक्टरांच्या कागदावर खूण करून आलेय मी तशी. त्याच्यासाठी बोलावलंय आज. चेकअपबिकअप काही नाहीये!"

झालं. सगळं बाहेर. आता विचारा, म्हटलं, विचारा कारण. घ्या, तुमच्या मुलाने विचारलं, माझ्या आईने विचारलं, तुम्हीच राहिलात.

सासूबाईंनी ते विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, "कवापासून?"

"पाचव्यापासून."

"मना वाटला टाकी लीक हाय," त्या हळूच म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या, दाराकडे पाठ करून. मी पलंगावर बसले. मग खाली मान घालून त्या बोलायला लागल्या.

"नारल मी नाय फोडला."

"काय?"

"नाय फोडला. त्या दिशी मी अशीच बसलेली, मागल्या खोलीत, पाय सरल. पानी नाय, काय नाय. खोबरा आदल्या दिसाचा खवून ठेवलेला, कोनी फोडलाच नाय नारल. सगला पालला, प्रांजल. ह्या डोल्यांची शपत."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?" माझा आवाज परत चढला. राग कुणाचा आला ते मला अजून नीट सांगता येत नाही. "चौतीस वर्षं? वेणूताई सगळ्यांसमोर बोलते, तेव्हासुद्धा?"

"काय सांगू? सासू खाटेशी आली. पोर बघितली नि इचारला, काय केलास? मी बोलली, काय नाय. परत इचारला, काय केलास? सगले उभे, तुझा सासरा पन. तवा मना वाटला, सगला पालून पन असा झाला बोलली, तर बोलतील खोट हिच्यातच हाय. दुसरी बायको करतील. मंग सासूच बोलली, नारल फोडला असंल. मी बोलली, हां, फोडला." त्यांनी पदराने मान पुसली. "नारलाची खोट बरी. दुसऱ्या येलेला नारल फोडाचा नाय, झाला. माझ्यात खोट असती तर काय केला असता मी?"

मी पलंगावरून पुढे सरकले.

"आणि मग प्रितेशच्या वेळी?"

"तवा गिरान आलाच नाय. चांगला झाला पोरगा. सगली बोलली, बगा, नारल नाय फोडला." त्या कडवट हसल्या. "मना बी मंग खराच वाटाय लागला. इतकी वर्सा सगली बोलतान, तर फोडला असंल मी. कवा कवा रातचा आवाज येते कानात, नारल फुटल्याचा."

"तुम्हाला माहितीये पाळून काही होत नाही," मी म्हटलं. "तुम्हाला सगळ्यांत जास्त माहितीये! मग मला का कोंडलंत?"

त्यांनी पलंगाखालच्या नारळाकडे बघितलं.

"मना भ्याव वाटतं गो. भ्याव वाटला का काय कराचा, ता मना दुसरा येतच नाय."

आणि मला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, समोरचं माणूस काय म्हणतंय ते आतपर्यंत कळलं. मलाही दुसरं काय येत होतं? मी नळ सोडत होते, त्या कडी लावत होत्या.

त्यांनी कमरेचा मोबाईल काढून वेळ बघितली. तीन पंचवीस. त्या उठल्या. कडीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. बाहेर त्यांच्या हिशेबाने अख्खं ग्रहण उभं होतं. मग त्यांनी कडी काढली.

"जा आधी मोरीत. नि पानी पी."

मी बाथरूममधून आले तर त्या तांब्या घेऊन उभ्या. तुळशीचं पान बोटाने बाजूला धरून त्यांनी मला पाणी दिलं. मी दोन पेले प्यायले. "तुम्ही?" विचारलं तर मान हलवली. मग चपला घालून अंगणातून हाक मारली, "हरेश! रिक्षा काढ!"

हरेशभाऊ बनियनवर बाहेर आले. "काकी, गिरान हाय ना?"

"अमेरिकेला हाय. तू चाल."

हरेशभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मला तरी काय माहीत, मी आत कोंडलेली होते.

पळस्पे फाट्याला नेहमीसारखा गोंधळ, ट्रेलरला ट्रेलर चिकटलेले. रिक्षात ऊन तिरकं येत होतं. सासूबाईंनी काही न बोलता आपला पदर सोडला आणि माझ्या पोटावर पसरून दोन्ही बाजूंनी घट्ट धरला. एरवी मी पदर झटकून टाकला असता, वर दोन वाक्यं ऐकवली असती. पण त्यांचे ओठ काहीतरी पुटपुटत होते आणि कपाळावर घाम जमला होता. राहू दे, म्हटलं. चारला दोन मिनिटं असताना आम्ही खांदा कॉलनीत पोचलो.

दवाखान्यात गर्दी नव्हती. बाकावर आम्ही दोघीच. काउंटरवरच्या मुलीने तोच दहा प्रश्नांचा कागद परत दिला. मॅडम आतच आहेत, त्या बोलावतील, तोवर भरून ठेवा म्हणाली. सासूबाई चष्मा घरी विसरलेल्या. कागदाकडे डोळे बारीक करून बघत त्या म्हणाल्या, "काय लिवलंय? वाच."

"आई, हे माझं आहे."

"वाच ना. मी काय खाते का?"

मला खरंच वैताग आला. पण वाचला. पहिला हसू येण्याचा. "नाय आला तुला, माझ्यादेखत नाय आला," त्या म्हणाल्या, तपासनीस असल्यासारख्या. दुसरा, पुढे काही चांगलं होईल असं वाटतं का. त्यावर मीच खूण केली. काउंटरवरची मुलगी आमच्याकडे बघायला लागली होती, मी आवाज खाली आणला.

"तिसरा. काही बिनसलं तर मी स्वतःला उगाचच दोष दिला. गेल्या सात दिवसांत."

"परत वाच."

मी परत वाचला.

"उगाचच म्हंजे?"

"म्हणजे आपली चूक नसताना."

सासूबाईंनी माझ्या हातातला कागद घेतला. चष्म्याशिवाय त्यांना अक्षर दिसत नव्हतं हे मला पक्कं माहीत आहे. तरी त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"सातच दिस?"

"हो आई. सातच."

"नि चौतीस वर्साचा कुठं लिवाचा?"

मी कागदावर बघितलं. चार चौकोन होते, त्यात ते बसणारं नव्हतं. सासूबाईंच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आवाज नाही, काही नाही, आणि त्यांनी ते पुसलंही नाही. मी म्हटलं नाही, रडू नका. काउंटरवरच्या कूलरमधून पेला भरून आणला आणि त्यांच्या पुढ्यात धरला. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती, ग्रहण सुटायला अजून दोन तास. त्यांनी पेला घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

आतलं दार उघडलं. मिताली मॅडम माझ्याच वयाच्या निघाल्या, साध्या. त्यांनी आमच्या दोघींकडे बघितलं.

"प्रांजल कोण?"

"मी," म्हटलं, आणि सासूबाईंचा हात धरून उठले. "पण आम्ही दोघी येतोय."

"वेळ एकीचीच आहे हं," त्या म्हणाल्या.

"मग आज दोघींत वाटून द्या," मी म्हटलं. "ह्या माझ्यापेक्षा जुन्या पेशंट आहेत."